उभी बाटली, आडवी बाटली

मंगळवारी दुपारी शिवराजच्या मोटारसायकलवरचं पोतं नेमकं घरासमोरच्या अंगणात उसवलं आणि दारूच्या एकवीस रिकाम्या बाटल्या खडखडत बाहेर आल्या. एरवी त्या वेळी अंगणात कोंबड्यांशिवाय कुणी नसतं. त्या दिवशी मात्र तिथं सतरंजीवर गावातल्या तीसेक बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे उभ्या राहून शिवराजच्या आई, म्हाळसाबाई, गावातलं दारूचं दुकान कायमचं कसं बंद करायचं ते समजावून सांगत होत्या.

एक बाटली घरंगळत गेली आणि म्हाळसाबाईंच्या पायाशी थांबली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग त्याच्यामागे पोत्याचं रिकामं तोंड धरून बसलेल्या दांडग्या पोराकडे आणि शेवटी स्कूटीवरून उतरणाऱ्या, जीन्स घातलेल्या मुलीकडे.

"शिवा," त्या म्हणाल्या, "ह्ये काय हाय?"

याचं खरं उत्तर लांबलचक होतं. शिवराज सोलापुरातल्या एका मोठ्या हॉटेलात, बारमध्ये कामाला होता. पाहुण्यांना दारू मिसळून, हलवून, सजवून द्यायची हे त्याचं काम. पण तीन वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा त्याने घरी सांगितलं होतं, "बेव्हरेज डिपार्टमेंटला लागलो." म्हाळसाबाईंनी विचारलं होतं, "म्हंजी काय करायचं?" आणि तो म्हणाला होता, "प्यायचं समदं बगायचं." म्हाळसाबाईंनी त्याचा अर्थ चहा, ताक आणि लिंबाचं सरबत असा लावला. शिवराजने तो दुरुस्त केला नाही. पुढे तर दुरुस्ती अवघडच होत गेली, कारण म्हाळसाबाईंनी कवठाळवाडीत दारूविरुद्ध कंबर कसली आणि दर बैठकीत त्या बायकांना सांगू लागल्या, "माजं पोरगं बगा की. सोलापुरासारख्या शेरात ऱ्हातंय, पर सरबताच्या खात्यात हाय."

आता येत्या सोमवारी सोलापुरात स्पर्धा होती. बाटल्या हवेत भिरकावायच्या, पाठीमागून झेलायच्या, एकमेकांकडे फेकायच्या, कोपरावर उभ्या करायच्या आणि हे सगळं करता करता एक पेय तयार करायचं. तिघांची टीम, चार मिनिटं. ज्यांनी हा प्रकार नुसता पाहिलाय त्यांना ती सर्कस वाटते. ज्यांनी करून पाहिलाय त्यांना सर्कस सोपी वाटते. टीम पहिल्या तीनमध्ये आली तर हॉटेलचे मालक तिघांनाही आपल्या पुण्याच्या नव्या हॉटेलात घेणार होते. शिवराजला पुण्याला जायचं होतं. टीममधल्या करिश्माला तर जायलाच हवं होतं, कारण तामलवाडीला तिच्या घरच्यांनी तिला सांगून ठेवलं होतं की या वर्षात काय करून दाखवायचं ते दाखव, नाहीतर दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतील. आणि तिसरा, अक्कलकोटकडचा नंदीश, हा दिसायला पैलवान, बोलायला गाय आणि बाटली झेलण्याच्या बाबतीत नापास. हॉटेलात सराव करताना त्याने आधी एक आरसा फोडला आणि मग माशांची काचेची पेटी. मासे बादलीत काढून झाल्यावर मॅनेजर शांतपणे म्हणाले होते, "सराव जरूर करा. पण दुसऱ्या जिल्ह्यात करा."

म्हणून हे तिघं सोलापूर जिल्हा ओलांडून, नळदुर्गच्या अलीकडे आत वळून कवठाळवाडीला आले होते. शिवराजचे वडील बिराप्पा दिवसभर मेंढरं घेऊन माळावर असत. मेंढवाडा रिकामा असे आणि तिथं लेंड्यांचा वीतभर जाड मऊ थर होता. त्यावर बाटली पडली तरी फुटणार नव्हती. बेत चांगला होता. फक्त अंगणातून गुपचूप मागे जायचं होतं.

"शिवा, म्या काय इचारलं?" म्हाळसाबाई म्हणाल्या.

शिवराजने तोंड उघडलं, पण उत्तर करिश्माने दिलं. म्हाळसाबाईंच्या हातात एक मोठा कागद होता. त्यावर दोन बाटल्या काढल्या होत्या, एक उभी आणि एक आडवी. बारा दिवसांनी गावातल्या बायकांचं मतदान होतं. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे बंद करा. करिश्माने तो कागद वाचला आणि एका श्वासात म्हणाली, "मावशी, पथनाट्य हाय. तुमच्याच मतदानाचं. आम्ही उभी बाटली नाचवतो, ती लई मिजास करते, आन् शेवटाला आडवी पडते. सराव करायला आलोय."

बायकांनी करिश्माला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पहिल्या ओळीतल्या द्वारकाबाई, ज्यांना गावात सगळे वयामुळे आणि तोंडामुळे भीत, म्हणाल्या, "ब्येस. मला वाटलं पोरं ढोसून आली."

म्हाळसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पुढे आल्या आणि लेकाच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "ह्याच्यासाटी सुट्टी काडलीस व्हय? बोलला बी न्हाईस."

"व्हय माय," शिवराज म्हणाला. दुसरं काही म्हणण्यासारखं उरलंच नव्हतं.

पुढच्या दहा मिनिटांत ठरलं की शनिवारी संध्याकाळी चावडीपुढे कार्यक्रम करायचा. शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायकांनाही बोलवायचं. आणि तोवर रोज दुपारी सरावाला म्हाळसाबाई स्वतः हजर राहणार, कारण काही चुकत असेल तर सांगायला घरचं माणूस बरं.

बुधवारी सराव सुरू झाला. मेंढवाड्याच्या कुंपणापलीकडे म्हाळसाबाई, द्वारकाबाई आणि आणखी बारा-पंधरा जणी येऊन बसल्या. करिश्माने बाटली गिरकी देऊन वर फेकली, शिवराजने ती पाठीमागून झेलली, डोक्यावरून नंदीशकडे टाकली, नंदीशने नेहमीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले आणि बाटली दोन्ही हातांच्या मधून खाली गेली.

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

नंदीशने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, मागे कुणी काहीतरी चांगलं केलं असेल.

"ह्यो पोरगा शाना हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "ह्येला बराबर कळलंय."

"शिवा, तू कशापायी झेलायलास?" म्हाळसाबाईंनी विचारलं. "झेलल्यावर ती आडवी कशी व्हायची?"

"माय, आदी झेलायची असती. मिजास दाखवायची असती ना."

"एक डाव दाखिव मिजास. चार डाव कशाला? बायांना वाटंल, बाटलीचंच खरं हाय."

त्या दिवसापासून मेंढवाड्यात उलटा न्याय सुरू झाला. करिश्माने मानेमागून बाटली झेलली, जे सोलापुरात दुसऱ्या कुणालाही जमत नव्हतं, तेव्हा कुंपणापलीकडे नाराजीची कुजबुज झाली. नंदीशच्या हातून दोन बाटल्या आणि पेय हलवायचा शेकर एकदम सुटला तेव्हा एका बाईने त्याला घरून धपाटे आणून दिले. दोन महिने सगळ्यांच्या शिव्या खाल्लेला नंदीश हळूहळू उमलत गेला. बाटली पडली की तो दोन्ही हात पसरून, कमरेत वाकून बायकांना नमस्कार करू लागला. गुरुवारी दुपारपर्यंत तो बाटली पडायच्या आधीच वाकायला लागला.

"नंदीश, निदान हात तरी पुढं कर," करिश्मा दातओठ खात म्हणाली.

"करतो की. पर अव्वा लोक खूश होतात बग," नंदीश म्हणाला. आईच्या वयाच्या सगळ्यांनाच तो कानडीत अव्वा म्हणे. "आपल्या जल्मात पैल्यांदा कुनी टाळ्या वाजवायलंय."

वाईट हे की ही लागण पसरत होती. टाळीला हात भुलतो. शुक्रवारी सकाळी करिश्माच्या हातून सोप्या सोप्या बाटल्या सुटल्या आणि तिच्या लक्षात आलं की तिची बोटं आपोआप, थोडी आधीच, उघडत होती. ती मेंढवाड्याच्या दगडावर जाऊन बसली आणि कितीतरी वेळ आपल्या हाताकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे दिवाळीनंतरचे पाहुणे उभे राहिले असावेत.

त्यातच गुरुवारी संध्याकाळी आणखी एक भानगड झाली होती. दारूच्या दुकानाचा मालक बसवेश याने शिवराजला ओढ्याजवळ गाठलं. बसवेश हा अतिशय अदबीचा माणूस. दारू विकत असला तरी स्वतः कपाळाला विभूती लावल्याशिवाय गल्ल्यावर बसत नसे.

"शिवराजराव, तुमचा खेळ बगितला म्या कुंपणावरून," तो म्हणाला. "लई हुन्नर हाय हातात. मे म्हैन्यात भाच्याच्या साखरपुड्याला तुमच्या हाटेलात आलतो, तवा बी बगितलं हुतं. काळं जाकीट घातलंतं तुमी. मला सोताच्या हातानं पेला भरून दिलासा. सरबत न्हवतं त्ये."

शिवराजने आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "मग?"

"मग काय न्हाय. शनवारी शेवटाला बाटली उभी ऱ्हायली पायजे. एवडंच. आडीचशे बाया बगनार, त्येंच्या ध्यानात ऱ्हातंय. पडली, तर तुमच्या आईला मला तुमच्या सरबताची चव सांगावी लागंल."

जाताना त्याने सरावासाठी म्हणून सहा चांगल्या बाटल्याही दिल्या. माणूस खरोखरच अदबीचा होता.

शुक्रवारी सराव संपल्यावर शिवराजने दोघांना सगळं सांगितलं. करिश्मा म्हणाली, "मावशीला आपणच खरं सांगून टाकू." शिवराज म्हणाला, "सोमवारनंतर." गेली तीन वर्षं तो हेच म्हणत होता, फक्त वार बदलत होता.

तोडगा नंदीशने काढला. "तुजा शेवटचा डाव कोनता? बाटली वर फेकून कोपरावर उबी करायची. दोन म्हैन्यात किती डाव उबी ऱ्हायली?"

"एकदा बी न्हाय," शिवराज म्हणाला. "दोन सेकंद ऱ्हाती आन् पडती."

"झालं तर. मग तू इमानदारीनं उबी करायला बग. बसवेश म्हनंल, पोरानं प्रयत्न केला. बाटली पडंल. अव्वा म्हनंल, पोरानं आडवी केली. दोगं खूश."

तिघांनी बराच विचार केला, पण यात त्यांना खोट सापडली नाही.

शनिवारी संध्याकाळी चावडीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. बाटल्या फुटू नयेत म्हणून बिराप्पांनी घरातल्या चारही घोंगड्या दगडी ओट्यावर अंथरल्या आणि स्वतः खांबाला टेकून बसले. त्यांना या प्रकरणात काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं. घोंगड्या मागितल्या म्हणून त्यांनी दिल्या होत्या. बसवेश इस्त्रीचे कपडे घालून मागच्या बाकावर बसला होता.

खेळ सुरू झाला आणि रंगला. करिश्मा गावच्या बायकांना कळेल असं बोलत होती, "ही बघा उभी बाटली. म्हणते, माझ्याशिवाय गावाचं पान हलत न्हाय." शिवराज बाटल्या नाचवत होता. नंदीश त्या पाडत होता आणि वाकत होता, आणि दर वेळी चावडीवरची कबुतरं उडतील एवढा गजर होत होता. शेवटी करिश्माने बाटली उंच फेकली. शिवराजने उजवा कोपर पुढे केला, गुडघ्यात किंचित वाकून बाटलीसोबत खाली गेला, आणि बाटली कोपरावर टेकली.

एक सेकंद गेला. दोन गेले. नंदीश वाकून तयार होता. तीन, चार, पाच गेले.

बाटली उभी होती. डुलत नव्हती, सरकत नव्हती. दोन महिने ज्या तोलासाठी शिवराजने रात्रंदिवस जीव टाकला होता तो त्याला नेमका कवठाळवाडीच्या चावडीवर, सबंध जन्मात जेव्हा नको होता तेव्हा, सापडला होता. हात जरासा हलवला की काम झालं असतं, हे त्याला कळत होतं. पण हात हलेना. खरं सांगायचं तर त्याला तो हलवावासाच वाटेना. तो बाटलीकडे बघत राहिला, जसा बाप पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या लेकराकडे बघतो.

मागच्या बाकावरून एकटा बसवेश टाळ्या वाजवू लागला.

"शिवा," पुढून म्हाळसाबाईंचा आवाज आला. "पाड."

"पाडतो माय," शिवराज म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

बायकांत चुळबुळ सुरू झाली. एक म्हणाली, "उबीच ऱ्हायली की गं." दुसरी म्हणाली, "म्हंजी शिक्का कुनीकडं मारायचा?" तेव्हा म्हाळसाबाई उठल्या, पदर खोचला, ओट्याच्या पायऱ्या चढून लेकाजवळ आल्या आणि एका बोटाने बाटली ढकलली. बाटली घोंगडीवर पडली. जो कल्लोळ झाला तो म्हणे हायवेपर्यंत ऐकू गेला.

कल्लोळ ओसरल्यावर बसवेश उभा राहिला. त्याचा आवाज तेव्हाही अदबीचाच होता. "म्हाळसाक्का, तुमच्या पोराचा हात एवडा तयार कसा, त्ये इचारा की त्येला. सोलापुरात त्यो सरबत न्हाय करत. हाटेलात दारू भरतो. म्या सोता प्यालोय त्येच्या हातची."

सगळ्या बायका म्हाळसाबाईंकडे बघू लागल्या. म्हाळसाबाईंनी लेकाकडे पाहिलं. शिवराजने मान खाली घातली, आणि त्यांना उत्तर मिळालं. आता घोंगडीवर त्याच पडतात की काय असं करिश्माला वाटलं. पण त्या बायकांकडे वळल्या.

"ऐकलं का समद्यांनी?" त्या म्हणाल्या. "माजं पोरगं दारूच्या कामात हाय. दारूतलं समदं त्याला म्हाईत हाय. आन् त्योच सुट्टी काडून गावात बाटली आडवी करायला आला. आता ह्याच्यावर आनकी कुनाची गवाही पायजे तुमास्नी?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "बसवेश, तू बस खाली." आणि बसवेश बसला.

पण चावडीवर एक आणि घरात एक. घरी म्हाळसाबाई शिवराजशी अक्षर बोलल्या नाहीत. त्यांनी ताट वाढलं आणि बिराप्पांना म्हणाल्या, "सांगा त्यास्नी. जेवाय वाढलंय म्हनावं. गार व्हायच्या आत घ्या म्हनावं."

"त्यास्नी" ऐकून शिवराजने हातातला घास ताटात परत ठेवला. आईने आजवर त्याला मारलं होतं, शिव्या दिल्या होत्या, पण मोठ्या माणसासारखं आदरानं कधी बोलली नव्हती.

"आबा," तो वडिलांना म्हणाला, "मायला सांगा, म्या एक थेंब बी पीत न्हाय. शपथ."

"त्यास्नी सांगा," म्हाळसाबाई म्हणाल्या, "तीन वर्सं सरबत सरबत करून मला गावभर नाचिवली, त्येचं काय?"

बिराप्पा भाकरी कुस्करत होते. दिवसभर मेंढरांशी बोलणारा हा माणूस घरात क्वचितच तोंड उघडे. ते म्हणाले, "मला येक सांग. आपुन जल्मभर मेंढरं राखली. रोज मटन खाल्लं का?"

थोड्या वेळाने म्हाळसाबाईंनी शिवराजच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली. बोलणं मात्र रविवारीही बंदच राहिलं. सोमवारी पहाटे तिघं सोलापूरला निघाले तेव्हा त्या दारात आल्या नाहीत.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. अकरा टीम होत्या. पुण्याची पोरं एकसारखे चमचमते शर्ट घालून आली होती, हैदराबादच्या टीमने स्वतःचा धुराचा पंखा आणला होता. बाटली पडली की गुण कापणार, हे परीक्षकांनी आधीच बजावून सांगितलं. करिश्माने ते ऐकून नंदीशकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

त्यांचा नववा नंबर होता. ते स्टेजवर चढत असतानाच मागचं दार उघडलं आणि डोक्यावर पदर घेतलेल्या नऊ बायका एकामागून एक आत आल्या. पुढे म्हाळसाबाई, मागे द्वारकाबाई. जीप करून आल्या होत्या. तिसऱ्या ओळीतल्या चमचमत्या शर्टवाल्यांना द्वारकाबाईंनी नुसतं "सरा" म्हटलं आणि ते सरले.

"पोरगं कशात काम करतंय त्ये डोळ्यानं बगावं म्हनलं," म्हाळसाबाई शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. पहिलं अर्धं मिनिट सगळं नीट गेलं. मग शिवराजने टाकलेली बाटली नंदीशच्या दोन्ही हातांच्या मधून खाली गेली. नंदीशचा चेहरा पांढरा पडला; पण शरीराला चार दिवसांची सवय झाली होती. त्याने हात पसरले आणि कमरेत वाकला.

तिसऱ्या ओळीत नऊ बायकांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या. "आडवी," द्वारकाबाई म्हणाल्या. "आडवी," बाकीच्या आठ म्हणाल्या.

हॉलमध्ये आधी कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. दुसरी बाटली पडली, नंदीश आणखी खोल वाकला, आता मागच्या ओळीही "आडवी" म्हणू लागल्या. करिश्माला क्षणात काय करायचं ते कळलं. ती दर बाटलीआधी नंदीशकडे हात जोडून विनवण्या करू लागली, तो छातीवर हात ठेवून वचन देऊ लागला आणि वचन मोडू लागला. पोट धरून हसणाऱ्या एका परीक्षकाची पेन्सिल टेबलाखाली गेली. मधेच नंदीशने चुकून एक बाटली झेलली, तेव्हा तो स्वतःच इतका घाबरला की सबंध हॉल उठून उभा राहिला.

शेवटी करिश्माने बाटली उंच फेकली. शिवराज गुडघ्यात वाकला, कोपर पुढे केला. बाटली टेकली आणि उभी राहिली.

"आडवी" म्हणायला सरसावलेल्या लोकांनी तिसऱ्या ओळीकडे पाहिलं, कारण सुरुवात तिथून व्हायची होती. द्वारकाबाईंनी तोंड उघडलं. म्हाळसाबाईंनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. मग स्टेजकडे बघून जरा मोठ्याने, तीन दिवसांत पहिल्यांदाच, लेकाशी बोलल्या. "ऱ्हाऊ दे, शिवा. हितं ऱ्हाऊ दे."

शिवराजने बाटली कोपरावरून उचलली, पेला भरला आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

पडलेल्या बाटल्यांचे गुण कापले गेले. सादरीकरणाचे मात्र इतके मिळाले की टीम तिसरी आली. निकालानंतर एक परीक्षक, नीटनेटके इंग्रजी बोलणारे गृहस्थ, प्रमाणपत्रं भरायला बसले. तिघांची नावं लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि कोच कोण तुमचा? हे असं उलटं करून दाखवायची कल्पना कुणाची?"

नंदीशने तिसऱ्या ओळीकडे बोट केलं. "आमची अव्वा. चार दिवस रोज मेंढवाड्यात बसून शिकिवलंय."

परीक्षक उठून म्हाळसाबाईंकडे गेले आणि त्यांनी अदबीने पूर्ण नाव विचारलं. म्हाळसाबाईंनी सांगितलं. नाव विचारलं तर सांगावं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी कवठाळवाडीत मतदान झालं आणि आडवी बाटली मोठ्या फरकाने जिंकली. बसवेशने त्याच गाळ्यात पशुखाद्याचं दुकान काढलं आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून बिराप्पांना नारळ दिला. शिवराज, करिश्मा आणि नंदीश महिन्याच्या आत पुण्याला गेले. नंदीशच्या बाटल्या पाडण्याच्या कार्यक्रमाला तिथं शनिवारी-रविवारी गर्दी होते असं म्हणतात.

दिवाळीच्या आसपास तालुक्याहून एक अधिकारी मॅडम म्हाळसाबाईंचा सत्कार करायला आल्या. सोबत दारूबंदीच्या कामाचं, चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र होतं. ते लावायला त्यांनी भिंतीवर जागा पाहिली, तर तिथं आधीच एक चौकट होती. हार घातलेली, इंग्रजीतली. मॅडमनी ती वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. बाटल्यांच्या खेळातील उत्कृष्ट बारटेंडर घडवल्याबद्दल म्हाळसाबाई बिराप्पा यांना हे प्रमाणपत्र देण्यात येत होतं आणि खाली एका मद्य कंपनीचा सोनेरी शिक्का होता.

"मावशी," मॅडम सावकाश म्हणाल्या, "यात काय लिहिलंय, तुम्हाला कुणी वाचून दाखवलंय का?"

"दाखिवलं की," म्हाळसाबाई म्हणाल्या. "त्ये उबी केल्याबद्दल हाय. तुमचं आडवी केल्याबद्दल. शेजारीच लावा, खिळा हाय तितं."

आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.